गोड पानाची शेती: रोपांच्या आधी गिऱ्हाईक



नाताळनंतर पुण्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले. घरात दोघांना मधुमेह असल्यामुळे त्या चहात साखरेऐवजी स्टेव्हियाची पूड घालतात. त्यांनी लिहिले होते, "पूड एवढी महाग मिळते, मग आपल्या आदिवासी कुटुंबांना एकरभर स्टेव्हिया का लावून देत नाही? रोपांचा खर्च मी देते." पत्र वाचून फार आनंद झाला, तरी उत्तराला उशीर झाला. नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर दोन वर्षे आम्ही हे पीक करून पाहत आहोत. त्यातून जे कळले ते एका ओळीत मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे या झाडाला गोड तुळस किंवा मधुपर्णी म्हणतात, पण ते तुळशीच्या कुळातले नाही. झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले, गुडघ्याच्या वर वाढणारे हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वे देशाच्या डोंगराळ भागातले. तिथले ग्वारानी आदिवासी कडवट काढे आणि माते नावाचे पेय गोड करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ही पाने वापरत आले. बर्तोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली या झाडाचे शास्त्रीय वर्णन केले, पण त्याला झाडाची माहिती मिळाली ती या लोकांकडूनच. पुढे १९७० नंतर जपानने त्याचा अर्क मोठ्या प्रमाणावर वापरात आणला, आणि आज सर्वांत जास्त लागवड चीनमध्ये होते. ज्यांच्या ज्ञानावर हा व्यापार उभा राहिला त्या ग्वारानींनी अलीकडे त्यातला आपला वाटा मागितला आहे. आदिवासींमध्ये काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आता शेतीकडे वळतो. स्टेव्हियाचे बी अगदी बारीक असते आणि त्यातले पुष्कळसे पोकळ निघते. जे उगवते त्याचा गोडवाही सारखा नसतो. म्हणून चांगल्या झाडाच्या छाटाची कलमे पिशवीत लावून रोपे करतात, किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने तयार केलेली आणतात. जमीन निचऱ्याची हवी, कारण मुळाशी पाणी साचलेले या झाडाला मुळीच सोसत नाही. पहिल्या वर्षी आम्ही हाच धडा शिकलो. भातासारखी सपाट जमिनीत, जुलैच्या पावसात रोपे लावली आणि महिन्याभरात निम्मी मुळाशी कुजून गेली. चूक माझी होती, कारण लावण्याची घाई मीच केली होती. दुसऱ्या वर्षी वीतभर उंचीचे गादीवाफे केले आणि फेब्रुवारीत लावण केली. रोपे टिकली, पण दुसराच प्रश्न उभा राहिला.

याची मुळे वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावेच लागते. त्या पाड्यावरची विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते आणि बाया डोक्यावरून हंडे आणतात. एकरभर स्टेव्हियाला पाणी द्यायचे तर ते कोणाच्या डोक्यावरून येणार? आम्ही शंभर रोपे लावली होती. भांडी घासलेले पाणी गाळून त्यांना पुरवले, तेवढेच जमले.

कापणीचे गणित इतर पिकांपेक्षा उलटे आहे. लावणीनंतर साधारण चार महिन्यांनी पहिली कापणी येते आणि पुढच्या कापण्या तीन-तीन महिन्यांनी. नीट राखले तर एकच लागवड तीन ते पाच वर्षे चालते. मात्र कापायचे ते कळ्या दिसताच, फूल उमलण्याआधी, कारण फुलाला लागले की पानातला गोडवा उतरू लागतो. दिवस लहान होऊ लागला की हे झाड फुलावर येते. आपल्याकडे मुळातच दिवस फार मोठा होत नसल्याने कळ्या लवकर धरतात आणि त्या सतत खुडाव्या लागतात. पाड्यावरच्या एका मावशींनी पांढरी इवलीशी फुले तशीच ठेवली होती. "फूल आलं म्हणजे पीक आलं, ते खुडायचं कसं?" असे त्या म्हणाल्या. मका, तूर, मोह, सगळीकडे फुलाचीच वाट पाहिलेल्या बाईने दुसरे काय म्हणावे!

पाला जमिनीपासून चार-पाच बोटे वर कापावा. बुंधा राहिला की पुन्हा फुटवे येतात. त्यानंतर खरी परीक्षा असते ती वाळवण्याची. कापलेला पाला ढीग करून ठेवला तर आतून तापतो, काळा पडतो आणि गोडवा जातो. सप्टेंबरच्या कापणीला आमचे असेच नुकसान झाले. बाहेर ढगाळ, पोत्यात भरलेला पाला रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी त्याला आंबूस वास येत होता. मोहफुले वाळवण्यात या बायांचा हात कोणी धरणार नाही, पण मोह उन्हात वाळतो आणि हे पान सावलीत वाऱ्यावर, पातळ थरात, एक-दोन दिवसांत वाळले पाहिजे. आता प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर बांबूचे तट्टे मांडून आम्ही ते वाळवतो. वाळल्यावर पाने ओरबाडून घ्यायची, कारण काडीत गोडवा फार कमी असतो. चार-पाच किलो ओल्या पाल्यातून किलोभर पान हाती येते. शंभर रोपांच्या पहिल्या कापणीत आम्हाला वाळलेले पान दीड किलोच्या आसपास मिळाले.

आणि ते विकायचे कुठे? रोपे देणाऱ्या विक्रेत्याने सगळा पाला आपणच घेऊ असे तोंडी सांगितले होते. कापणी झाल्यावर त्याने फोन उचलला नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला टनावारी, एकसारखा माल लागतो. त्यातून कारखान्यात शुद्ध अर्क काढतात. तो साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो, आणि भारतात २०१५ पासून ठरावीक खाद्यपदार्थांत वापरायला त्याला परवानगी आहे. एकराला ३०-४० हजार रोपे लागतात. रोप पाच रुपयांना धरले तरी दीड-दोन लाख रुपये आधी मातीत घालावे लागतात. भाताची जमीन मोडून एवढी जोखीम घ्या, असे मी कोणत्याही कुटुंबाला सांगणार नाही, पैसे देणगीचे असले तरी.

वापराविषयीही थोडे सांगतो. चहात पान उकळले तर गोडवा टिकतो, पण चिमूटभरच घ्यावे, जास्त झाले की जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. पुरणपोळीला किंवा लाडवाला हे चालत नाही, कारण तिथे साखर नुसती गोडीसाठी नसते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. आणि वजन उतरवण्यासाठी अशा गोडव्यावर भिस्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. त्यात स्टेव्हियाही आला.

म्हणून त्या भगिनींना मी कळवले की आपली देणगी रोपांना नको, तट्टे आणि विहिरीजवळच्या पाण्याच्या टाकीला द्या. त्यांनी ते मान्य केले. या वर्षी आठ घरांच्या परसात प्रत्येकी पन्नास रोपे आहेत, त्याहून जास्त नाहीत. वाळलेले पान पन्नास ग्रॅमच्या पुड्यांत, कापडी पिशवीत भरून मंडळीमंडळींतून विकायचे ठरवले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव आणि किती पुड्या ते लिहून द्यावे. पुढची कलमे जानेवारीत लावायची आहेत. किती लावायची ते या याद्या हातात आल्यावरच बायांसोबत बसून ठरवू.