पावसाळ्यापूर्वी सरपणाला छप्पर

आषाढातली संध्याकाळ आठवून पाहा. दिवसभर बांधीत वाकून रोवणी केलेली बाई अंधार पडता पडता घरी येते. पाय चिखलाने पांढरे पडलेले, लुगडे गुडघ्यापर्यंत ओले. घरात चार माणसे भाताची वाट पाहत बसलेली. ती चुलीशी बसते आणि लाकूड पेटत नाही. फुंकणीने फुंकून डोळे लाल होतात, लाकडाच्या टोकातून पाण्याचा फेस येतो, घरभर धूर कोंडतो. शेवटी कुणीतरी टायरचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची पिशवी आणून देतो आणि ती चुलीत जाते. चूल पेटते खरी, पण जो धूर निघतो तो विषारीच. तोच तिच्या आणि मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो.

भगिनींनो, हे चित्र आपल्या गोंदिया जिल्ह्यात परके नाही. बंधूंनो, हे बोलणे खरे म्हणजे तुमच्याशी आहे. धानाला ढोली आहे, गुरांना कोठा आहे, ट्रॅक्टर असेल तर त्यालाही पत्र्याचे छप्पर आहे. सरपण मात्र भिंतीला टेकून उघड्यावर भिजत पडलेले असते. दोन-तीन दिवसांच्या मेहनतीत परसात, म्हणजे आपल्या सांदवाडीत, सरपणासाठी एक लहानसे छप्पर उभे राहू शकते. ते कसे करावे, हे आज सांगायचे आहे.

कोणी म्हणेल, आता गॅस आला की! 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरी सिलिंडर पोहोचले, हे खरे. ज्यांना परवडतो त्यांनी गॅस जरूर वापरावा. धुरापासून सुटका होण्याचा तोच चांगला मार्ग आहे. पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे प्रत्येक वेळी हाताशी असतातच असे नाही. चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी, पाहुण्यांचा मोठा भात चुलीवर, असे आपल्याकडे अनेक घरी चालते. जोवर चूल आहे तोवर तिच्यात कोरडेच लाकूड जावे, एवढेच आपले म्हणणे.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की आधी ते पाणी उकळून उडावे लागते. त्यात उष्णता खर्च होते, पण तेवढेच नुकसान नाही. आगीचा ताव चढत नाही आणि लाकडातून निघणारे वायू पुरते न जळता धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे जे जळून भात शिजवायचे तेच आपल्या डोळ्यांत जाते. चुलीच्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया, मोठ्यांना दमा-खोकल्यासारखे फुफ्फुसाचे जुने विकार आणि बायकांना मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नीट वाळलेल्या लाकडात पाण्याचा अंश 15 ते 20 टक्के राहतो. ते चटकन पेटते आणि कमी लागते. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली धुराड्याची मगन चूल जुन्या लोकांना आठवत असेल. चूल कितीही चांगली असली तरी ओल्या लाकडापुढे तीही हात टेकते.

दुसरा धोका रानातला आहे. घरातले सरपण भिजले की भर पावसात मोळीसाठी जंगल गाठावे लागते. नागझिरा आणि नवेगावचे जंगल 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. त्याच्या आजूबाजूच्या गावांना वाघ, बिबट, अस्वल यांची भीती काय असते ते वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात गवत-झुडूप वाढलेले असते, चार पावलांवरचे दिसत नाही आणि लाकूड वेचणारी बाई वाकलेली असते. चार महिन्यांचे सरपण घरात कोरडे असेल तर हे जाणेच टळते.

आता हिशोब. तुमच्या घरी रोज किती लाकूड लागते ते अंदाजाने सांगू नका. एक आठवडा काट्यावर मोजा. समजा रोज 5 किलो लागले, तर मृगापासून कोजागरीपर्यंतच्या 120 दिवसांना 600 किलो झाले. फोडून रचलेले बऱ्यापैकी जड लाकूड घनफुटाला आठ-दहा किलो धरावे. त्या मानाने साठ-सत्तर घनफूट जागा पुरेल असे वाटते. पण आपले सरपण काही वखारीतले नव्हे. त्यात वाकड्या फांद्या असतात, धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या असतात, आणि त्या फार जागा खातात. म्हणून आतून 8 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 5 फूट उंच रचता येईल असे छप्पर करावे. थोडी जागा उरली तर पुढच्या वर्षाच्या लाकडाला होईल.

जागा निवडताना घाई करू नये. छप्पर स्वयंपाकघराच्या दारापासून इतके जवळ हवे की पावसात चार ढांगांत लाकूड आणता यावे, पण घराच्या भिंतीला चिकटून नको. चिकटवले की वाळवी लाकडातून दारा-खिडक्यांत शिरते. तणसाच्या ढिगापासून तर ते दूरच असावे. एक ठिणगी दोन्ही घेऊन जाईल. पावसाची झड आपल्याकडे बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येते, पण बंगालच्या उपसागरात पट्टा तयार झाला की वारा दिशा बदलतो. घराची कोणती भिंत दर पावसाळ्यात जास्त भिजते ते आठवा. छपराची पाठ त्या बाजूला करायची.

सहा खांब लागतील, पुढे तीन आणि मागे तीन. जुन्या घराचे वासे असतील तर उत्तम, नाहीतर बाभळीचे किंवा सिमेंटचे खांब चालतील. लाकडी खांबाचा जमिनीत जाणारा दोन फुटांचा भाग आणि वर आणखी वीतभर डांबराने माखावा. पुढचे खांब जमिनीवर सात-साडेसात फूट ठेवावेत. वर पत्रा घालणार असाल तर मागचे फूटभर ठेंगणे पुरेत. कवेलू घालणार असाल तर उतार जास्त हवा, मागचे दोन फूट तरी ठेंगणे करावेत, नाहीतर कवेलूखालून पाणी परतते. छप्पर चारही बाजूंनी दीड फूट बाहेर काढावे. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नका. मे महिन्यातले वादळ दगडासकट पत्रा उचलते; आकडे आणि तारेने तो वाशांना आवळावा. तणसाचे छप्पर मात्र करू नये. ते आगीला भिते, आणि तणस गुरांच्या तोंडचे आहे.

बांबू आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वापरण्यापूर्वी तो पंधरा-वीस दिवस तळ्यात किंवा बोडीत बुडवून ठेवावा. त्यातला गोडवा पाण्यात उतरतो आणि मग भुंगा कमी लागतो. पाठीच्या बाजूला बांबूची तट्टी लावावी. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. इथेच पुष्कळांची चूक होते. लाकूड भिजू नये म्हणून चारही बाजू बंद करतात. आमच्या घरी पहिल्या वर्षी हीच हुशारी झाली. मोठी प्लॅस्टिकची ताडपत्री आणून ढीग वरपासून खालपर्यंत गुंडाळला. पोळ्याला उघडून पाहतो तर आत घाम सुटावा तसे पाणी आणि लाकडावर पांढरी बुरशी. लाकूड उन्हाने वाळते त्याहून अधिक वाऱ्याने वाळते, हे आम्हाला तेव्हा कळले. वर छप्पर, पाठीला आडोसा, बाकी वारा.

खाली माच हवा. विटांचे किंवा दगडांचे फूटभर उंच ठोकळे रांगेने मांडावेत, मधल्या भागालाही आधार द्यावा आणि वर दोन-दोन बोटे अंतर ठेवून जाड बांबू आडवे टाकावेत. फूटभर उंचीचे कारण केवळ ओल नव्हे. माचाखाली झाडू फिरला पाहिजे आणि काय बसले आहे ते दिसले पाहिजे. लाकडाच्या ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, आणि म्हणूनच तो जिवावर बेततो. यासाठी एक नियमच करावा. उद्याचे लाकूड आज दिवे लागण्यापूर्वी घरात घ्यावे. न पाहता ढिगात हात घालू नये, आधी काठीने लाकडे हलवावीत. आणि कुणाला दंश झालाच तर मांत्रिकाकडे एक क्षणही न घालवता रुग्णाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. त्यावर औषध आहे, आणि ते तिथेच मिळते.

छपराच्या भोवती वीतभर खोल नाली काढून पाणी उताराला काढून द्यावे, की बांधकाम झाले.

छपराइतकेच महत्त्व वेळेला आहे. पुष्कळजण मे महिन्याच्या शेवटी ओली लाकडे छपराखाली टाकतात आणि छप्पर कामाचे नाही म्हणतात. धानाची कापणी-चुरणी आटोपली की पौष-माघात धुऱ्यावरच्या बाभळी, सुबाभळीच्या फांद्या छाटाव्यात. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपाने, तेव्हा कुणाला फुरसत नसते. लाकूड ओले असतानाच फोडावे, तेव्हा ते सोपे जाते. लाकडातले पाणी विशेषकरून कापलेल्या टोकांतून निघते. म्हणून मनगटापेक्षा जाड असेल ते फोडावे आणि दीड-दीड फुटाचे तुकडे करावेत. मग उन्हात, खाली दोन दांडे टाकून, मोकळे रचून ठेवावे. आपल्या उन्हाळ्याचे 42-43 अंशांचे ऊन एरवी जीव घेते, पण हे काम ते फुकट करून देते. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी सगळे माचावर चढवावे. दोन रांगा लावाव्यात, दोन्हींमध्ये वीतभर फट आणि तट्टीपासूनही वीतभर अंतर. धावडा किंवा बाभूळ असे जड लाकूड एका बाजूला ठेवावे, ते सावकाश आणि तावाने जळते. पळस, तुराट्या, काटक्या दुसऱ्या बाजूला, पेटवणीसाठी. रानातून आणाल ते पडलेले, वाळलेलेच आणावे. हिरवे झाड तोडले तर पुढच्या वर्षी आणखी दूर चालावे लागेल, आणि कायदाही आडवा येईल.

लाकूड वाळले की नाही हे ओळखणे सोपे आहे. टोकांना चिरा पडतात, साल सुटू लागते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतात. ओले असेल तर बद्द आवाज येतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना एक काम द्यावे. एका तुकड्यावर खूण करून दर पंधरा दिवसांनी तो काट्यावर तोलायचा आणि वजन वहीत लिहायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले.

राहिली एक गोष्ट. छप्पर उभे राहिले की आपल्या भगिनींना त्यावर डांगराचा वेल चढवायचा मोह होतो. वेल छपरावर पसरला की ओल धरून ठेवतो आणि मोकळ्या बाजूवर उतरला की वारा अडवतो. तो कुंपणावर न्यावा. फारच हौस असेल तर पाठीच्या तट्टीवर एखादा दोडका चढवा. तिथे तो झड अडवायलाही थोडा कामी येईल.