विश्लेषण : डीजे शिकायचे, तर तबकडीवर की लॅपटॉपवर?

लग्नसराईत जालना शहर असो की अंबड, परतूर, भोकरदन. ‘डीजे आला का?’ या प्रश्नाचा अर्थ ‘स्पीकर लादलेली गाडी आली का?’ असाच होतो. गाडीवर बसून गाण्याला गाणे जोडणारा तरुण मात्र ‘ऑपरेटर’. खरे तर डीजे तोच : डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा. आज त्याच्यासमोर तबकडी नाही, लॅपटॉप आहे. मग हे काम शिकू पाहणाऱ्याने तबकडीच्या वाटेला जावे का?

मिक्सिंग म्हणजे नेमके काय?

एक गाणे संपण्याआधीच दुसरे त्याच ठेक्यावर आणायचे आणि नाचणाऱ्यांचा पाय थांबू द्यायचा नाही. वेग मोजतात मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांवर, म्हणजे बीपीएमवर. चालू गाणे १२६ आणि पुढचे १२० असेल, तर पुढच्याचा वेग ५ टक्के वाढवावा लागतो. ते आधी फक्त हेडफोनवर ऐकून ठोक्यावर ठोका बसवायचा, मग आवाज खुला करायचा.

तबकडीवर हे कसे होते?

दोन टर्नटेबल आणि मधोमध मिक्सर. टेक्निक्स कंपनीचे ‘एसएल-१२००’ १९७२ मध्ये आले. १९७९ च्या ‘एमके-२’ मॉडेलवर वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी होती. वेग वाढवला की स्वरही चढतो. पडद्यावर आकडे नसतात, त्यामुळे सगळी भिस्त कानावर.

डिजिटलने काय बदलले?

२००१ मध्ये पायोनियरच्या ‘सीडीजे-१०००’ने सीडी हाताने तबकडीसारखी फिरवण्याची सोय दिली. पुढे लॅपटॉप आणि कंट्रोलर आले. सॉफ्टवेअर बीपीएम स्वतः मोजते, ‘सिंक’ बटण दोन्ही गाण्यांचे ठोके जुळवते आणि ‘की-लॉक’ लावल्यास वेग बदलूनही स्वर चढत नाही. एका पेनड्राइव्हवर हजारो गाणी मावतात.

वरातीत तबकडी का चालत नाही?

तबकडीच्या खाचेतून सुई फिरते. गाडीचा हादरा किंवा बेसचा धक्का बसला की ती उडते. मराठवाड्याच्या उन्हात ठेवलेली तबकडी वाकते. शिवाय आजची बहुतेक मराठी गाणी तबकडीवर निघतच नाहीत. म्हणजे वरातीसाठी निवड केव्हाच झाली आहे.

मग ‘सिंक’वर भागते का?

इथेच खरी गोम आहे. संगणकावर तयार झालेल्या गाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहसा एकसारखा असतो. पण जुनी लोकगीते, कोळीगीते, लावण्या वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेल्या. ढोलकी रंगात आली की ठेका नकळत पुढे सरकतो. सॉफ्टवेअर मात्र ठोक्यांच्या सरळ रेघा आखून बसते. अर्ध्या मिनिटात दोन गाणी एकमेकांच्या पायात येतात आणि वरातीतला नाच विस्कटतो. तेव्हा बटण नाही, कानच वाचवतो. आपल्याकडे तर अशा गाण्यांची फर्माईश हमखास येते.

शिकणाऱ्याने काय करावे?

महागडे टर्नटेबल घेण्याची गरज नाही. ‘मिक्स’ हे डीजे सॉफ्टवेअर मोफत मिळते. सिंक बंद ठेवा, बीपीएमचा आकडा कागदाने झाका आणि दोन गाणी केवळ ऐकून जुळवा. आधी एकसारख्या वेगाची नवी गाणी, मग ढोलकीची जुनी. तबकडीने जे शिकवले असते, तेच लॅपटॉपवर शिकता येते.

आणि हे कान सांभाळा. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालतो. १०० डेसिबलला ती मर्यादा १५ मिनिटांवर येते. स्पीकरच्या भिंतीसमोर इअरप्लगशिवाय उभे राहणारा ऑपरेटर आपले भांडवलच खर्च करत असतो. लॅपटॉप नवा घेता येतो, कान नाही.