अमेरिकेंत लोकसत्ता कशी वाढली

दरवर्षी शाळा सुरू झाली कीं आमच्या वर्गांत मॉनिटरची निवड होते. यंदा मतें मोजून झाल्यावर एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, ज्याच्या बाजूस अधिक हात, त्याचेंच म्हणणें खरें ना?" प्रश्न लहान मुलाचा खरा, परंतु त्याचें उत्तर लहान नाहीं. तें शोधण्यासाठीं आम्ही वाचकांस सुमारें दोनशें वर्षें मागें, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घेऊन जाणार आहों.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, अमेरिका इंग्लंडच्या अमलांतून मुक्त झाली त्याच दिवशीं तेथें सर्व लोकांचें राज्य सुरू झालें. वस्तुस्थिति तशी नव्हती. १७८७ सालीं जी राज्यघटना तयार झाली, तिनें मत कोणीं द्यावें हें ठरविण्याचें काम त्या त्या संस्थानाकडे सोपविलें. आणि बहुतेक संस्थानांत ज्याच्या नांवावर जमीन किंवा ठराविक मालमत्ता असेल, अथवा जो कर भरीत असेल, अशाच पुरुषास मत असे. ज्याचें पोट दुसऱ्याच्या हातीं, त्याचें मतहि दुसऱ्याच्या मुठींत जाईल, असें त्या काळच्या पुढाऱ्यांस वाटे.

हा बांध हळूहळू फुटला. पश्चिमेकडे नवीं संस्थानें वसूं लागलीं. १८१६ सालीं इंडियाना, १८१८ सालीं इलिनॉय व १८१९ सालीं अलाबामा हीं संघांत आलीं, तीं मालमत्तेची अट न घालतांच. मग जुन्या संस्थानांसहि मागें राहणें कठीण झालें. दुसरा फरकहि तितकाच महत्त्वाचा होता. अध्यक्षाची निवड करणारे निर्वाचक पूर्वीं अनेक ठिकाणीं विधिमंडळेंच नेमीत. १८३२ पर्यंत साउथ कॅरोलिना खेरीजकरून सर्वत्र ते लोकांच्या मतानें निवडले जाऊं लागले.

या काळाचा नायक अँड्र्यू जॅक्सन. बालपणींच पोरका झालेला हा मुलगा पुढें वकील, सेनापति आणि गुलाम बाळगणारा श्रीमंत जमीनदार झाला. १८२४ च्या निवडणुकींत त्यास सर्वांत अधिक, म्हणजे ९९ निर्वाचकांचीं मतें पडलीं. परंतु निम्म्याहून अधिक मतें कोणासच न मिळाल्यामुळें निर्णय प्रतिनिधिसभेकडे गेला व तिनें जॉन क्विन्सी ॲडम्स यांस निवडलें. ॲडम्स यांनीं आपणांस पाठिंबा देणाऱ्या हेन्री क्ले यांस परराष्ट्रमंत्री नेमलें, तेव्हां हा सौदा झाला असा जॅक्सनच्या पक्षानें एकच गिल्ला केला. १८२४ सालीं सुमारें साडेतीन लाख लोकांनीं मत दिलें होतें. १८२८ सालीं अकरा लाखांहून अधिकांनीं दिलें, आणि जॅक्सन ८३ विरुद्ध १७८ मतांनीं निवडून आला. ४ मार्च १८२९ रोजीं त्याचें अभिनंदन करण्यास अध्यक्षांच्या प्रासादांत एवढी झुंबड उडाली कीं, चिनी मातीचीं भांडीं फुटलीं, चिखलाच्या बुटांनीं लोक खुर्च्यांवर चढले, व स्वतः जॅक्सनला तेथून निसटावें लागलें.

लोकांचें मत मोलाचें झालें, तसे तें मिळविण्याचे मार्गहि निघाले: पक्षांच्या शाखा, वर्तमानपत्रें, मिरवणुका, गाणीं. १८४० सालीं व्हिग पक्षानें विल्यम हेन्री हॅरिसन यास ओंडक्यांच्या झोपडींत राहणारा साधा शेतकरी म्हणून पुढें केलें. वास्तविक त्याचा जन्म व्हर्जिनियांतील संपन्न घराण्यांतला. तरी तो निवडून आला! लोकांचा विश्वास संपादणें आणि लोकांस भुलविणें यांत अंतर किती थोडें असतें, हें येथें दिसून येतें.

परंतु याहूनहि गंभीर गोष्ट पुढेंच आहे. 'सर्व लोक' म्हणजे कोण? न्यूयॉर्कनें १८२१ सालीं गोऱ्या पुरुषांपुरती जमिनीची अट काढली आणि कृष्णवर्णीयांवर मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची घातली. पेन्सिल्व्हेनियानें १८३८ सालीं कृष्णवर्णीयांचें मत काढूनच घेतलें. स्त्रियांस तर मत नव्हतेंच. आणि १८३० सालीं, याच लोकनियुक्त प्रतिनिधिसभेनें १०२ विरुद्ध ९७ मतांनीं, मूळ रहिवाशांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा मंजूर केला.

चेरोकी लोकांत काम करणारे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांस या अन्यायाची झळ लागली. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं आपल्या मुंबईस आले, त्याच बोर्डाचे हे सेवक. जॉर्जिया संस्थानाच्या परवान्यावांचून चेरोकींच्या मुलुखांत राहिल्याबद्दल त्यांस १८३१ सालीं चार वर्षांची सक्तमजुरी झाली. १८३२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जॉर्जियाचा कायदा तेथें लागू नाहीं असा निकाल दिला. तरी त्यांची सुटका १८३३ उजाडेपर्यंत झाली नाहीं. न्याय त्यांच्या बाजूस होता, संख्या नव्हती. १८३८-३९ मध्यें चेरोकींस सैन्याच्या पहाऱ्यांत घराबाहेर काढण्यांत आलें आणि त्या प्रवासांत हजारों माणसें मेलीं.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्ही म्हणालों, "बाळ, राज्य कोणीं चालवावें हें हात मोजून ठरवितां येतें, आणि तें तसेंच ठरावें, मूठभर श्रीमंतांनीं ठरविण्यापेक्षां तें शतपटीनें बरें. परंतु खरें काय व न्याय्य काय, हें हात मोजून ठरत नाहीं. ज्याच्या बाजूस एकहि हात वर झाला नाहीं, त्याचेंहि रक्षण व्हावें, तरच ती लोकसत्ता." नवा मॉनिटर हें ऐकत होता. मागच्या बाकावरील ज्या मुलास अवघीं तीन मतें पडलीं होतीं, त्याला त्यानें दुसऱ्याच दिवशीं फळा पुसण्याच्या पाळ्या ठरविण्यास आपल्याबरोबर घेतलें. आमचा धडा अर्धा तरी समजला, असें आम्हांस वाटलें.