मूठ, पवित्रा आणि गुलाल

पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ रोजी एका तरुणीवर भर रस्त्यात कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण मधे पडले, कोयता धरलेला हात त्यांनी अडवला आणि ती वाचली. नंतर शहरोशहरी स्वसंरक्षणाच्या वर्गांची हवा झाली. आमच्या संपादकांच्या डोक्यात विषय शिजला तो तेव्हाच. ‘आपला जंबिया, फिलिपिन्सची काली, इस्रायलचं क्राव मागा. चाकूपुढं यातलं काय टिकतं, बघून या.’ क्राव मागाचे वर्ग मुंबई-पुण्यात हवे तितके आहेत. जंबियासाठी मात्र कोल्हापूर गाठावे लागले.

मर्दानी खेळांचा अधिकृत इतिहास कोणत्याही तालमीच्या भिंतीवर वाचायला मिळतो. शिवकाल, मग पेशवाई, मग इंग्रजांची निःशस्त्रीकरणाची करडी नजर, मग शाहू महाराजांच्या संस्थानात मिळालेला आसरा. या कथेत दांडपट्टा नायक असतो आणि आखूड हत्यारे कोपऱ्यात उभी असतात. आखूड हत्यारांचा निराळा प्रवास मला जास्त खरा वाटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांनी आणि १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जुन्या आखाड्यांतल्या विद्या सांघिक कवायतीत बसवल्या. अमरावतीच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकेही केली. लाकडी जंबिया शाळकरी पोरांच्या हाती आला तो या वाटेने. त्याची किंमतही मोजावी लागली. तिच्याकडे पुढे येतोच.

तालमीत खुंटीवर टांगलेली हत्यारे वस्तादांनी खाली काढून दिली आणि म्हणाले, “पाव्हणं, पातं बघू नगासा. आधी मूठ धरून बघा.”

तिथे माझा वेळ कसा गेला ते कळले नाही. कट्यारीची मूठ म्हणजे दोन उभ्या पट्ट्यांमधल्या आडव्या दांड्या. मुठीत धरली की पाते कोपरापासून निघालेल्या रेषेत सरळ पुढे येते. बुक्की मारावी तसा हात पुढे टाकायचा. खांद्याचे सगळे बळ टोकात उतरते आणि मनगट वळायचा प्रश्नच येत नाही. पण तीच मूठ तुम्हाला बांधूनही टाकते. कापायला ती आळशी, उलट्या पकडीत धरता येत नाही आणि मनगटाची फिरकी तिला ठाऊक नाही. तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रागारातल्या कट्यारी चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत. त्यांतल्या कित्येकांना हाताच्या पाठीवर शिडासारखी जाळीदार ढाल आहे आणि पाती युरोपी तलवारींची मोडून बसवलेली. पंजाचा मागचा भाग उघडा पडतो हे त्या कारागिरांना चांगले माहीत होते.

जंबिया अरबी वंशाचा. दख्खनच्या फौजांत चाकरीला आलेल्या अरबांच्या कमरेवरून तो इकडे रुळला. वाकडे, दुधारी, मधे कणा असलेले पाते; मूठ मधे बारीक, दोन्ही टोकांना पसरट. सुलट धरा, उलट धरा, त्याची तक्रार नसते. बिचवा त्याहून अरुंद आणि दुहेरी वळणाचा. त्याची मूठ धातूचीच, बोटांवरून कडे गेल्यासारखी, त्यामुळे हात घामाने निसटला तरी हत्यार सुटत नाही. पेशकबज पाहिला तर पाठ जाड, टोक सुईसारखे, चिलखताच्या कड्यांतून शिरण्यासाठी घडवलेला. वाघनखे मुठीत लपतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली तेव्हा दर्शनाला रांगा लागल्या. ती प्रतापगडावरचीच, असा छातीठोक दावा ते संग्रहालयही करत नाही. रांगेतल्या कुणाला त्याची फिकीर नव्हती, आणि का असावी?

ही सगळी हत्यारे हाताळताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. प्रत्येक मूठ कुणाच्या तरी अंगावर जाण्यासाठी घडवली आहे. ‘संरक्षण’ हा शब्द आपण नंतर चिकटवला.

वस्तादांना हे सांगितले तर ते हसले आणि त्यांनी दोन पोरांना पवित्रे करायला लावले. मर्दानी खेळात पाय टाकायच्या पद्धतीला पवित्रा म्हणतात: कधी पुढे, कधी मागे, कधी बाजूला, कधी गिरकी, आणि प्रत्येक वेळी अंग तिरके. नव्या पोराला इथे महिनोन्‌महिने रिकाम्या हाताने पवित्रेच करावे लागतात. कंटाळून निम्मी पोरे पळतात, असे वस्तादच सांगतात. “पाय शिकला की हात आपसूक येतोय. हात आधी शिकला की पाय कधीच येत न्हाय.” त्यांची स्वतःची साठी उलटलेली, गुडघा दुखरा, पण समोरच्याच्या रेषेतून ते बाजूला होतात तेव्हा हालचाल दिसत नाही, फक्त जागा रिकामी झालेली दिसते.

मग गुलाल आला. कवायतीतला जंबिया नावांनी शिकवतात: शिर, तमाचा, बाहेरा, कमर. एकाने तमाचा टाकायचा, दुसऱ्याने अडवायचा, मग पाळी बदलायची. वस्तादांनी लाकडी जंबियांच्या धारांना ओला गुलाल फासला आणि दोन चांगल्या तयारीच्या पोरांना म्हणाले, आता नावं नाहीत, पाळी नाही, सुटा. खेळ अर्ध्या मिनिटात थांबला. एकाच्या मनगटावर, कोपराच्या आत, पोटावर लाल. दुसऱ्याच्या पंजावर, दंडावर, मानेजवळ लाल. जिंकले कोण, ते दोघांनाही सांगता येईना. मी पुन्हा करायला सांगितले. जोड्या बदलल्या, गुलाल लागायच्या जागा बदलल्या, पण कोरा कुणीच राहिला नाही.

कवायतीची किंमत म्हणालो ती हीच. शंभर पोरे एका इशाऱ्यावर हलायची तर वार ठरलेला हवा, अंतर ठरलेले हवे, आणि वार करणाऱ्याने हात तिथेच ठेवायला हवा. प्रत्यक्षातला हल्लेखोर हात ठेवत नाही. तो ओढून घेतो आणि पुन्हा मारतो, त्याच जागी, शिलाई मशीनच्या सुईसारखा. दुसऱ्या हाताने तो तुमची कॉलर धरतो.

फिलिपिनो पद्धतीने या अडचणीवर एक चतुर तोड काढली आहे. काली, एस्क्रिमा, आर्निस ही तिची नावे. २००९ साली कायद्याने आर्निस तिथला राष्ट्रीय खेळ झाला. तिथे वाराला नाव नसते, दिशेला क्रमांक असतो. वरून तिरका आला तर एक, उलट बाजूने आला तर दोन. समोर काठी असो, चाकू असो की मोकळा हात, दिशा तीच आणि उत्तरही त्याच घराण्यातले. शिवाय चाकू नसलेला हात तिथे रिकामा बसत नाही. तो समोरच्याचे मनगट दाबतो, कोपर ढकलतो, वाट बंद करतो. आपल्या जंबियात डावा हात बहुतेक वेळ तोलासाठी मागे असतो. दांडपट्ट्याच्या जोडीला तो शोभतो, हातभर अंतरावर तो महागात पडतो. क्राव मागात हत्याराचे सौंदर्य नाहीच: हात अडव, त्याच क्षणी उलट मार, मनगट सोडू नको, नीघ. बघायला ते कुरूप आहे. मला ते पटले, आणि पटले म्हणून थोडे वाईटही वाटले.

वस्तादांना मोबाइलवर फिलिपिनो सराव दाखवला. त्यांनी हातांकडे पाहिलेच नाही. “पाय बघा की. ह्यो आपलाच पवित्रा हाय.” त्रिकोणात टाकलेली पावले खरोखरच ओळखीची होती.

इथून पुढे तुलना मला अवघड होत गेली. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुएलर यांनी १९८३ मध्ये एक साधा हिशोब मांडला: २१ फुटांवरचा चाकूधारी माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो, आणि पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढून झाडायला तेवढाच वेळ लागतो. पिस्तूलवाल्याची ही गत, तर पर्समधला छोटा चाकू शोधणाऱ्या मुलीचे काय? स्वसंरक्षणासाठी चाकू बाळगा असे सांगणारे वर्ग आहेत. तो काढण्यातला वेळ, थरथरणारी बोटे आणि तोच चाकू समोरच्याच्या हाती जाण्याची शक्यता त्यांच्या जाहिरातीत नसते.

कायद्याची गुंतागुंत वेगळीच. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र ठरतात. घरगुती, शेतीची आणि कारखान्याची पाती त्यातून वगळलेली. म्हणजे तालमीतल्या जुन्या खंजिराची चौकशी होऊ शकते आणि उसाच्या फडातला कोयता बाजारात उघड मिळतो. पुण्यात पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्यांची ओळखपत्रे नोंदवायला सांगितली, ती त्यामुळेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर तो समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतही जातो. पण इजा गरजेपुरतीच हवी, आणि धोका संपला की हक्क संपला. हल्लेखोर पळू लागल्यावर मागून केलेला एक वार तुम्हाला फिर्यादीचा आरोपी करतो. ‘कट्यार काळजात घुसली’तल्या राजगायकाला राजाने कट्यारीसोबत एक खून माफ केला होता. आपल्याला तशी सनद कुणी देत नाही.

आणि मग तालमीचे पोट. २०२२ मध्ये पंचकुल्याला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, थांग-ता, कलरीपयट्टू आणि मल्लखांब होते. मर्दानी खेळ नव्हता. मिरवणुकीची सुपारी येते तेव्हा मंडळांना हवी असते पेटती काठी, डोळे बांधून फोडलेला नारळ, फिरता पट्टा. पवित्र्यांना टाळ्या पडत नाहीत, त्यामुळे पवित्र्यांना पैसे नाहीत.

तरी वस्तादांनी मुलींच्या तुकडीसाठी एक पाठ स्वतःहून घातला आहे. लाकडी चाकू घेऊन एक पोरगा धावत येतो. मुलीने पाठीवरची सॅक मधे धरायची, रेषेतून बाजूला व्हायचे, ओरडायचे आणि दाराकडे पळायचे. दार बंद असेल तरच दोन्ही हातांनी त्याच्या मनगटाला लोंबकळायचे, तिसरे कुणी येईपर्यंत. “तिसरं कुणी आलंच न्हाय तर?” एका मुलीने विचारले. वस्ताद म्हणाले, “म्हणून तर आधी वरडायचं.” मग त्यांनी जंबियाला पुन्हा गुलाल फासला आणि तिला परत रांगेत उभे केले.