दारातले कमळ आणि टबातले पाणी

मागच्या वर्षावासात आम्ही आमगावला आमच्या विहाराच्या दाराशी एक मोठा काळा टब ठेवला. कमळ लावण्यासाठी. बाजारातून आणलेली फुले दोन दिवसांत मान टाकतात आणि पौर्णिमेच्या दिवशी त्यांचा भावही चढतो. त्यापेक्षा वंदनेला आपल्या दारचे फूल असावे, एवढाच विचार होता. बोड्यांच्या मुलखात राहणाऱ्यांना कमळ काही नवे नाही. टबात दोन गोल पाने वर आली, लहानमोठे सगळे बघायला येऊ लागले. मग श्रावणात तापाच्या रुग्णांची चौकशी करत आशाताई आल्या. त्यांनी टबात मोबाईलची बॅटरी मारली आणि आम्हाला हाक दिली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आत रोज ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चाललेले, आणि बाहेर दाराशी आम्हीच डास पाळलेले!

चूक आमचीच होती. टब ओतून टाका, असे मात्र ताई म्हणाल्या नाहीत. ‘कमळ राहू द्या, मासे सोडा’, एवढेच म्हणाल्या. त्यानंतर वर्षभरात जे शिकलो ते या पानावर सांगत आहोत, कारण आता वस्तीतल्या बऱ्याच घरांना कमळ लावायचे आहे.

आधी कंद. बियांपासूनही कमळ येते. बी इतके टणक असते की चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे बी शास्त्रज्ञांनी उगवून दाखवले आहे. त्या टणकपणामुळेच ते नुसते पाण्यात टाकून उगवत नाही. बीचे एक टोक आतला पांढरा भाग दिसेपर्यंत दगडावर घासायचे, मग पाण्यात ठेवून पाणी रोज बदलायचे. आठवडाभरात हिरवा कोंब दिसतो. पण बियांच्या रोपाला फूल यायला वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. कंद लावला तर त्याच पावसाळ्यात कळी येऊ शकते. उन्हाळ्यात बोडीचे पाणी उतरते तेव्हा गाळात कंद मिळतात. बोडी मासेमारीच्या ठेक्याने दिलेली असेल तर ढिवर बांधवांना विचारूनच कंद काढावा. चांगला कोणता हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. छत्तीसगडकडचे आपले पाहुणे यालाच ढेस म्हणतात आणि त्याची भाजी करतात. भाजी करायची तर नीट धुऊन, चांगली शिजवूनच खावी. लावायच्या कंदाला निदान एक टोकदार कोंब शाबूत हवा. कोंब मोडला की कंद कुजतो. आमचा पहिला कंद असाच गेला.

टब निदान दीड-दोन फूट रुंद असावा, आणि बुडाला भोक नको. जुनी नांद किंवा सिमेंटचे छोटे टाकेही चालते. तळाशी चांगले कुजलेले शेणखत एक-दोन मुठी, त्यावर बांधीतली चिकणमाती पाच-सहा इंच. कुंडीची भुसभुशीत माती घेऊ नका, ती पाण्यावर तरंगत राहते. ताजे शेण तर नकोच. आम्ही हौसेने घातले, पाणी हिरवेगार होऊन वास मारू लागले. कंद चिखलात आडवा, कोंब वर येईल असा दाबावा आणि वर फक्त चार इंच पाणी सोडावे. पाने वर येतील तसे पाणी वाढवत न्यावे. पाणी ओतताना एक ताटली चिखलावर ठेवून तिच्यावर धार धरली की माती ढवळत नाही.

ऊन हे कमळाचे खरे अन्न. दिवसातून सहा तास थेट ऊन पाहिजे. घरे एकमेकांना खेटून असलेल्या गल्लीत हे अवघड जाते, तिथे कुमुद लावून पाहावे. ते थोड्या कमी उन्हात तग धरते. दोन्ही ओळखायला सोपी आहेत. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरते. कमळाचे पान अखंड गोल असते, पाण्याच्या वर उभे राहते, आणि त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. कमळ सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते, आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. फूल वाहताना आपण आठवतो ती अनित्यता दारातच दिसते.

आता पाणी. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या काठावर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी घालते. भांडे सुकले तरी ती अंडी काही महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात. रांजण, ड्रम, टाकी ओतून, घासून, वाळवता येते; कमळाचा टब ओतता येत नाही. तिथे गप्पी मासेच हवेत. हिवताप विभागाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते मिळू शकतात, आशाताईंना विचारावे. एका टबाला आठ-दहा पुरे. ते अंडी न घालता थेट पिल्ले देतात, संख्या आपोआप वाढते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच टबात घालावे, नाहीतर क्लोरीनने मासे मरतात. टबाची आतली कड दर आठवड्याला चिंधीने पुसावी. रॉकेल किंवा जळके तेल ओतू नये, मासे आणि झाड दोन्ही जातात. वाढलेले गप्पी बोडीत किंवा वाघ नदीत मात्र सोडू नका. ते बाहेरदेशी मासे आहेत, आपल्याकडच्या लहान माशांचे खाणे आणि जागा बळकावतात. शेजाऱ्याच्या टबाला द्या.

रांगणारे मूल घरात असेल तर टबावर लोखंडी जाळी बसवा. फूटभर पाणीही लहान मुलाला धोक्याचे असते.

एवढा डासांचा घोर का, असे काहींना वाटेल. विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. सिकलसेलग्रस्त मुलाला साधा तापही साधा नसतो. ताप आणि शरीरातले पाणी कमी होणे, यांतून हाडे-सांधे ठणकण्याचा झटका येतो, रक्त झपाट्याने कमी होऊ शकते. सिकलसेलच्या वाहकाला तीव्र हिवतापापासून थोडे संरक्षण असते खरे, पण ग्रस्त रुग्णाला ते नाही. अशा मुलाला 101 अंशाच्या वर ताप गेला की सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा, आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी करून घ्यावी. 1 जुलै 2023 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ती सरकारी केंद्रांवर मोफत होते.

इतरांनीही डेंग्यूच्या दिवसांत अंगदुखीसाठी मेडिकलमधून कोणतीही गोळी आणून घेऊ नये. अ‍ॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, भाताची पेज, आणि रक्ताची तपासणी. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा ही लक्षणे बरेचदा ताप उतरतानाच दिसतात. तेव्हा पपईच्या पानांच्या रसावर भरवसा ठेवून घरी बसू नये.

विहारातल्या मूर्तीपुढचे फुलांचे ताटही तपासा. त्यातले पाणी पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत तसेच राहते, हे आमच्याकडेही उशिरा लक्षात आले. आता मुली ते दर तीन दिवसांनी बदलतात आणि ताट घासतात.

दिवाळीनंतर कमळाची पाने पिवळी पडून वाळतात. झाड मेले समजून टब उलटा करू नका, कंद चिखलात झोपलेला असतो. वाळकी पाने कापा आणि चिखल ओला ठेवा. गोंदियाची थंडी गप्पींना सोसत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत निम्मे मासे बरणीत घालून घरात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा कोंब वर येतो. तेव्हाच माती बदला आणि कंद वाढला असेल तर तोडून दुसऱ्या घराला द्या. आमच्या टबातून यंदा तीन कंद निघाले. दोन वस्तीत गेले, तिसरा आशाताईंनी मागून नेला.