परवलीचा शब्द आणि न्यासाची वही

गौलीगुड्यातील आपल्यासारख्या संस्थांच्या हिशेबवह्या पूर्वी कपाटात असत व किल्ली कोषाध्यक्षांच्या कमरेला. आता वह्या संगणकात गेल्या आणि किल्लीच्या जागी परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, आला. पुष्कळ संस्थांत मात्र हा एकच शब्द सर्वांना ठाऊक असतो. मग देणगीची नोंद कोणी बदलली हे कळत नाही आणि संशय सर्वांवर येतो.

युनिक्स प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. लिनक्स व आपल्या सी-डॅकची 'बॉस' या तिच्याच वळणाच्या. एका यंत्रावर अनेकांनी काम करावे, पण प्रत्येकाचे खाते निराळे असावे, ही तिची मूळ रीत. कोण केव्हा आत आले याची नोंद यंत्र खात्याच्या नावाने ठेवते.

मग हे शब्द यंत्र कोठे लिहून ठेवते? १९६६ च्या सुमारास एम.आय.टी. येथील एका संगणकावर एका चुकीमुळे सर्वांच्या शब्दांची यादीच प्रत्येकासमोर उमटली होती. म्हणून युनिक्स शब्द जसाच्या तसा ठेवीत नाही. त्याचे दळण करून ठेवते. पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसा त्यावरून शब्द उलट काढता येत नाही. दोघांचा शब्द एकच असला तरी दळण वेगळे निघावे म्हणून त्यात प्रत्येकाचे निराळे 'मीठ' मिसळतात; ही युक्ती मॉरिस व टॉमसन यांनी १९७९ साली मांडली. हे पीठ हल्ली 'शॅडो' नावाच्या फाइलीत असते व ती सामान्य खात्यांना वाचता येत नाही.

'रूट' या मुख्य व्यवस्थापकालाही तुमचा शब्द त्यातून वाचता येत नाही; विसरल्यास तो नवा देऊ शकतो. तेव्हा कोणी तुमचा शब्द विचारू लागला, तर तो सांगू नये.

शब्द बदलण्याची आज्ञा 'पासडब्ल्यूडी'. जुना शब्द एकदा व नवा दोनदा लिहावा लागतो. लिहिताना पडद्यावर अक्षरे उमटत नाहीत. यंत्र बिघडले असे समजू नये. शब्द लांब असावा. मुलांची नावे व जन्मतारखा टाळाव्यात. दर तीन महिन्यांनी तो उगाच बदलण्याची सक्ती नको, असे अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली सांगितले. सुगावा लागल्याची शंका येताच मात्र बदलावा. पदाधिकारी निवृत्त झाल्यास त्यांच्या खात्याला कुलूप घालावे. कागद जागेवरच राहतात.

न्यास म्हणजे समाजाची अमानत. ती सांभाळणाऱ्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करता यावा, यासाठीही ज्याची किल्ली त्याच्याच हाती असावी.