सुईचे टोक नेमके कुठे आहे?

गव्हाच्या मळणीत थ्रेशरमध्ये हात सापडलेला शेतकरी मंडला, डिंडोरी किंवा नरसिंहपूरकडून जबलपूरला येतो तेव्हा तो बहुधा जेवून निघालेला असतो. वाटेत कुणीतरी चहाही पाजलेला असतो. भरल्या पोटी पूर्ण भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाण्याची धास्ती असते. म्हणून 1955 साली सुरू झालेल्या इथल्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी अशा रुग्णासाठी ‘ब्लॉक’चा विचार आधी होतो. रुग्ण जागा राहतो, हात तेवढा बधिर होतो.

मानेतून निघणाऱ्या पाच मज्जामुळांचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, कॉलरबोनमागून काखेकडे उतरते. जवळजवळ सगळ्या हाताची संवेदना इथून जाते आणि कॉलरबोनच्या वर हे सगळे धागे एका मुठीत मावतील इतके जवळ येतात. तिथे औषध सोडले की काम झाले. पंचाईत अशी की शेजारी मोठी धमनी आहे आणि पहिल्या बरगडीआड फुफ्फुसाचे टोक.

1911 मध्ये डिएड्रिश कुलेनकाम्फ या जर्मन सर्जनने हा मार्ग शोधला आणि सुई आधी स्वतःला टोचून घेतली. कॉलरबोनचा मध्य बोटाने चाचपायचा, धमनीचा ठोका धरायचा आणि सुई बरगडीच्या रोखाने न्यायची. रुग्णाच्या बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या की जागा सापडली. झिणझिणी नाही तर भूल नाही, असा पुढे दंडकच झाला. पण घाबरलेला, वेदनेने कळवळणारा माणूस झिणझिणी आणि कळ यांत फरक कसा करणार? शिवाय अधूनमधून फुफ्फुसाला भोक पडे. त्यावर रुग्णाला न विचारता स्नायूलाच विचारायचा उपाय निघाला. 1962 मध्ये ग्रीनब्लॅट आणि डेन्सन यांनी हातात मावणारा नर्व्ह स्टिम्युलेटर वापरून दाखवला. सुईच्या टोकातून सूक्ष्म प्रवाह सोडायचा आणि 0.5 मिलिअँपिअरच्या आसपासही बोटे उडत राहिली तर टोक पुरेसे जवळ आहे असे धरायचे. प्रवाह 0.2 च्याही खाली आणला तरी बोटे हलत असतील तर सुई मागे घ्यायची, कारण ती मज्जातंतूत शिरलेली असू शकते.

1994 मध्ये व्हिएन्नाच्या कापरल यांनी कॉलरबोनवरचा हा ब्लॉक सोनोग्राफीत पाहून दिला आणि अंदाजाचा काळ संपत आला. पडद्यावर धमनी काळी, गोल, धडधडणारी दिसते; तिच्या कडेला द्राक्षांच्या घोसासारखे मज्जातंतू, खाली बरगडीची पांढरी रेघ आणि तिच्या बाजूला श्वासाबरोबर सरकणारे फुफ्फुसाचे आवरण. औषध घोसाभोवती पसरताना दिसते, त्यामुळे ते कमी पुरते.

जुन्या दोन साक्षीदारांची उलटतपासणीही या पडद्यानेच केली. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये काखेतल्या ब्लॉकवेळी सुई मज्जातंतूला टेकलेली सोनोग्राफीत पाहिली आणि मग विचारले. झिणझिण्या जाणवल्या फक्त 38 टक्के रुग्णांना, 0.5 मिलिअँपिअरपर्यंतच्या प्रवाहाला स्नायूने उत्तर दिले सुमारे 75 टक्क्यांत. म्हणजे चारांत एकदा सुई तंतूला टेकूनही स्नायू गप्प! आपल्याकडे एम.डी.चे विद्यार्थी प्रबंधासाठी स्टिम्युलेटर आणि सोनोग्राफी यांची तुलना पुन्हा पुन्हा करतात: दोन गट, हातात घड्याळ, किती मिनिटांत हात बधिर झाला याची नोंद. मला वाटते, यशाच्या टक्केवारीचा वाद आता फारसा उरलेला नाही. सोनोग्राफीचा त्वचेवर धरायचा प्रोब हातात स्थिर राहत नसेल आणि सुईचे टोक म्हणून तिचा मधलाच भाग पाहिला जात असेल, तर मात्र महागडा पडदाही फुफ्फुस वाचवत नाही.

तरीही स्टिम्युलेटर अडगळीत गेलेला नाही आणि याचे कारण निव्वळ वैद्यकीय नाही. ज्या यंत्रात गर्भ दिसू शकतो ते 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावे लागते, भूलतज्ज्ञाने ते फक्त मानेवर वापरायचे ठरवले तरी. सरकारी महाविद्यालयात ही नोंदणी होते आणि यंत्र थिएटरमध्ये राहते. पण शहरातले पुष्कळ भूलतज्ज्ञ सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्यात असे फिरतात. मुलींच्या जिवासाठी केलेला हा कायदा हवाच, त्यात वाद नाही. मात्र लाखोंचे यंत्र विकत घेतले तरी ते डिकीत घालून दवाखान्या-दवाखान्यांतून फिरवण्याची मुभा तो त्यांना देत नाही. स्टिम्युलेटर मात्र बॅगेत मावतो आणि त्याला परवाना लागत नाही. म्हणून जिथे सोनोग्राफी नाही तिथे भूलतज्ज्ञ आजही रुग्णाच्या बोटांकडे डोळे लावून प्रवाहाचा आकडा खाली आणत जातो.